परात

मे महिन्यात दुपारी चारला
नंदनवनात कोणी कोणाकडे जात नाही.
सुगत येतो.
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
दप्तरात तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं
आणि तीन हस्ताक्षरांत एकच शेरा:
लक्ष देत नाही.

कुलर आधी गरम हवा फेकतो, मग वाळ्याचा वास.
मी परातीत रवा पसरते.
अक्षर बोटाने काढायचं, मोठं, कोपरापासून हात फिरवून,
काढता काढता तोंडाने म्हणायचं,
म्हणजे डोळे उलटले तरी
हात साक्षीला राहतो.

घ काढ म्हटलं की ध निघतो.
भात वाढला की मात होते.
मी म्हणते, पुन्हा.
तो पुन्हा.
रवा दोन्ही ऐकून घेतो.

वर्षभरात मी शिकले ते एवढंच
की सगळ्या चुका एका घरच्या नसतात.
त्याने लिहिलं होतं डोया, शाया, फया.
शाळेने तिन्हींवर लाल फुली मारली,
मीही मारली असती.
पण ती चूक नव्हती, आई होती त्याची.
त्यांच्या घरात ळ कोणाच्या तोंडीच नाही.
ऐकलं तसं लिहिलं, म्हणजे कान शाबूत.
घ आणि ध यांचं भांडण तेवढं खरं.

एकदा मीच पाटीवर घाईघाईत लिहिलं: रवा.
तो म्हणाला, खा.
नीट बघ, म्हटलं.
त्याने नीट बघितलं. मग माझ्याकडे.
"मॅडम, तुमी खाच लिवलं."
मी चष्मा पुसला.
खाच होतं.
इतके हसलो दोघं की खालून हेडाऊकाकूंनी
झाडूच्या दांड्याने छत वाजवलं.

वनमालाबाई, त्याची आई,
मेडिकलच्या धोबीघरात कामाला.
चादरीच्या पट्टीवरून वॉर्ड ओळखते,
हिरवी बाळंतिणींची, निळी हाडांची.
महिन्याचे पैसे मोजून ठेवताना एकच विचारायची,
"कधी सुधरन?"
मी सांगायचे, तो बिघडलेला नाही.
प्रशिक्षणात शिकवलेलं वाक्य.
कुलरच्या झोतासारखं तिच्या बाजूने निघून जायचं.

परवा सुगतला ताप होता. ती एकटी आली.
परात तशीच पडलेली,
कालचं घर अर्धं पुसलेलं.
ती बराच वेळ उभी.
मग म्हणाली,
"मले बी धरच दिसते."

पंपाचा आवाज तेवढा.

"मास्तर हातावर छडी मारे.
चौथीतून घरी बसली मी.
वाटलं, डोस्क्यात दगड हाय.
मंग पोराले बी माह्याच दगड गेला."

या जागेसाठी प्रशिक्षणात वाक्य नव्हतं.
मी परात तिच्याकडे सरकवली.
हे बघा, म्हटलं, घराचं छप्पर सलग असतं,
धरचं फाटकं.
"आमच्या घराचं तर फाटकंच होतं, मॅडम,"
ती म्हणाली, आणि पदर खोचला,
सोड्याने पांढरं पडलेलं बोट
रव्यात टेकवलं.

काय निघालं ते मी सांगणार नाही.
एक तर तिने बोट उचलायला वेळ लावला,
आणि जाताना बोटाला लागलेला रवा
वाया नको म्हणून परातीतच झटकला.
अक्षर त्याखाली गेलं.

सोमवारी सुगत आला. कांदा, दुपट्टा, दप्तर.
चप्पल काढायच्या आधीच म्हणाला,
"आईनं इचारलं, पितळेची परात चालते का?"

चालते, म्हटलं.