पाच मार्क्कांचा तुकडा

रुओवेसीहून सकाळची बस.
आउने खिडकीशी. मांडीवर पर्स,
पर्समध्ये घडी घातलेली पिशवी,
पिशवीत आणखी एक पिशवी.
"पाऊस नाही ना?"
"नाही."
पुढचे पन्नास किलोमीटर आम्ही दोघी बहिणींनी
तेवढ्यावर काढले.

ताम्पेरेला उतरलं की आधी लाउकोंतोरी.
पाण्याकाठचा बाजार, सीगल डोक्यावर,
आणि टपरीच्या काचेआड वाफाळणारा मुस्तामक्कारा:
डुकराचं रक्त, राय, आतड्याची पिशवी. दिसायला
जळक्या दोरखंडासारखा. सोबत गार दूध.
तो वजनावर मागायचा नसतो. पैशावर मागायचा.
तीन युरोंचा म्हणा, चारचा म्हणा,
विकणारा नजरेनं मापून सुरी टेकवतो.

आउने पुढे झाली, घसा साफ केला, म्हणाली,
"पाच मार्क्कांचा."

मागची रांग गप्प झाली. म्हणजे गप्पच होती,
आता नीट गप्प झाली.
मार्क्का बंद झाला तेव्हा
टपरीवरचं हे पोर जन्मलंही नसेल.
छातीवर नाव, यालमारी. कानात तीन बाळ्या.
त्यानं तिच्याकडे पाहिलं. सुरीकडे पाहिलं.
सुरी डावीकडे सरकवली, किंचित उजवीकडे,
आणि वीतभर तुकडा कापला.
वर लिंगोनबेरीचा मुरंबा, चमचा उपडा करून.
"एवढा होतो का?"
"वेइक्कोला एवढाच मिळायचा," आउने म्हणाली.

वेइक्को आमचा भाऊ. मार्चमध्ये गेला.
ही त्याच्याशिवायची पहिली फेरी,
हे बसमध्ये कुणी काढलं नव्हतं.

मग हेरांचं संग्रहालय, जुन्या गिरणीच्या तळघरात.
त्याला भारी आवडायचं. बुटाच्या टाचेतला कॅमेरा,
छत्रीच्या दांड्यातली सुई,
आणि कोपऱ्यात खोटं पकडणारं यंत्र:
दोन पत्र्यांवर बोटं ठेवायची, समोर काटा.
शाळेची एक सहल आमच्यामागे येऊन उभी राहिली.

आधी मी बसले.
आउने लगेच: "आईची कॉफीची किटली कुणी नेली?"
"मला काय माहीत."
काटा तांबड्यात.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
सदतीस वर्षं ती किटली माझ्या चुलीवर आहे.
आउने यायची असली की मी ती
सॉनातल्या बाकाखाली सरकवते.

मग तिची बोटं. जाड, सांध्याशी सुजलेली.
माझ्याकडे एकच प्रश्न होता, मार्चपासून:
शेवटच्या आठवड्यात
तू दवाखान्यात का आली नाहीस?
एका मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती.
मी तिच्याकडे बघत राहिले.
मग विचारलं, "मक्कारा आवडला?"
"छे," ती म्हणाली, "खारट."
काटा तांबड्यात.
पुन्हा टाळ्या.

प्युनिक्कीच्या टेकडीवर चढताना ती तीनदा थांबली
आणि तिन्ही वेळा म्हणाली, झाडं बघतेय.
मनोऱ्याखालच्या कॅफेत गरम मुंक्की,
वेलदोड्याचा वास, बोटांना साखर.
आउनेनं तीन घेतले.
दोन आम्ही उभ्याउभ्या खाल्ले.
तिसरा कागदात, कागद पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
मी काही विचारलं नाही.
वरून दोन्ही तळी दिसतात. दिसली.

परतीच्या बसमध्ये ड्रायव्हरनं हॉकीची मॅच लावलेली.
ओरिवेसी गेल्यावर आउने खिडकीला म्हणाली,
"किटली तुझ्याकडेच राहू दे.
नाहीतरी तिची तोटी गळते."

रोज सकाळी ओतते मी.
एक थेंब गळत नाही.