निकेलचा आकडा

पट्टा आधी माझ्याच मनगटाला बांधला वेंडेलने.
आधी तू, म्हणाला, मग तो.
रिमोटवर एक. काही नाही. दोन. काही नाही.
सहा, आठ. मी खिडकीबाहेरची धान्याची कोठारं बघत होते.
अकराला मनगटावर माशी बसून उडाली.
म्हणजे माशी नव्हतीच,
फेब्रुवारीत सस्कॅचवानमध्ये कुठली माशी,
पण हात झटकला मी.
"हा तुझा आकडा," तो म्हणाला,
आणि वहीत लिहून घेतला
शिंप्याने माप घ्यावं तसा.

मग निकेलच्या मानेवरचे दाट केस बाजूला सारून
दोन बुटकी टोकं कातडीला टेकवली.
एक, दोन, तीन. निकेल बुटाची नाडी चघळतोय.
चार, पाच. नाडी.
सहाला डावा कान किंचित मागे वळला,
झोपेत कोणी नाव घेतल्यासारखा.
"बस. इथेच.
हा ओरडला तर चूक आपली, त्याची नाही."

तीन आठवडे लांब दोरी हातात.
हाक, मग सहा, मग दोरीला हलकीशी ओढ.
तो माझ्याकडे वळला की सहा बंद. लगेच. त्याच श्वासात.
आणि चीजचा तुकडा.
बटण दाबणं कुणालाही जमतं,
वेळेवर अंगठा उचलायला मी शिकत होते.

रात्री झेनोन म्हणाला, आण तो पट्टा इकडे.
डावा हात उजव्या हाताने उचलून
टेबलावर ठेवला त्याने,
दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवावा तसा.
यॉर्कटनच्या इस्पितळात ती मुलगी टाचणी घेऊन विचारायची,
इथे कळतं? आणि इथे?
हा तिचा चेहरा वाचून हो म्हणायचा.
अकरा. वीस.
निकेल टेबलाखालून वर बघत होता.
तिसाला झेनोन म्हणाला, "कळलं."
तो माझ्या अंगठ्याकडे बघत होता.
मी पट्टा सोडला.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गव्हाच्या बियाण्याच्या जाहिरातीखाली,
तरीही लिहिलं: झेनोन, तीस.

एप्रिलमध्ये तळ्यावर बदकं उतरली.
बर्फ वरून पांढरा, कडेला चहासारखा काळा.
निकेल सुटला.
मी हाक मारली. इंग्रजीत मारली,
मग आईच्या भाषेत, खोदी, खोदी,
ती गायींना मारायची तशी.
वाऱ्याने दोन्ही भाषा उलट माझ्याच तोंडात कोंबल्या.
हाकेच्या अंतरावर म्हणतात ना,
ते अंतर तो केव्हाच ओलांडून गेला होता.
सहा.
पळता पळता सहा त्याच्यापर्यंत पोचेना;
बदकांनी त्याचं सगळं अंग भरून टाकलेलं.
आठ. दहा.
माझ्या अकरावर अंगठा एक क्षण अडला.
बारा.

तो ओरडला नाही.
चुलीवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवावं
तसा थबकला, वळला,
आणि त्याच्या पंजांखाली बर्फ कण्हत असताना
सरळ माझ्याकडे आला.
अंगठा मी कधी उचलला ते मला आठवत नाही.
उचलला होता एवढं खरं.
खिशात चीज नव्हतं. हातमोजा काढून
रिकामा तळवा पुढे केला, तोच त्याने चाटला,
आणि मी कापलेल्या गव्हाच्या खुंटांवर
बसले बराच वेळ. चिखलात.
वेंडेलला फोन करून सांगायचं होतं की बारा झाले.
सांगितलं नाही अजून.

घरी आल्यावर पट्टा काढला.
केसांत दोन खळगे उरतात, संध्याकाळपर्यंत भरतात.
झेनोनने खिडकीतून सगळं पाहिलं असणार;
खुर्ची तिकडेच वळलेली होती.
बोलला काही नाही. उजव्या हाताने डावा उचलला
आणि निकेलच्या मानेवर ठेवला, बरोबर त्या खळग्यांवर.

"गार आहे," म्हणाला.

त्याची नजर कुठे होती
ते मी पाहिलं नाही.