तारण

होसोया-सान मार्चअखेर निवृत्त होणार होते,
म्हणून जानेवारीतच त्यांची फेरी मला मिळाली:
एकतीस दुकानं, नऊ कारखाने, एक देवळातला पुजारी
आणि एक स्कूटर, जिचा स्टँड मऊ बर्फात रुततो.

पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच शिकवलं:
आत यंत्र चालू असेल तर दार वाजवायचं नाही.
चमचे घासूनपुसून चकचकीत करणाऱ्या माणसाचं बोट
फिरत्या चाकापासून तांदळाच्या दाण्याइतकं दूर असतं.
आवाज थांबेपर्यंत उभं राहायचं.
बर्फ पडत असला तरी.

पडत असतोच.
त्सुबामेच्या रस्त्यांवर नळ्यांतून जमिनीखालचं पाणी उडतं,
बर्फ विरतो, आणि पाण्यातल्या लोखंडानं
अख्खा रस्ता विटकरी होऊन जातो.
माझे नवे बूट आठवड्यात त्याच रंगाचे झाले.
"आता तू शाखेतला वाटत नाहीस," होसोया म्हणाले.
ती शाबासकी होती, हे मला फार उशिरा कळलं.

महिन्याला दहा हजार येन. एवढ्यासाठी आम्ही दारात जातो.
नोटा मोजायच्या, पासबुकावर शिक्का,
मग त्यांचा गुडघा, मग मुलीची परीक्षा,
मग समोरच्या नागुमोबाईंनी तोफूचं दुकान
हल्ली तासभर उशिरा का उघडायला घेतलं.
कर्जाचा विषय होसोयांनी आपणहून काढलेला
मी एकदाही ऐकला नाही.
मुख्य शाखेनं हिशेब मांडलाय:
या फेरीत पेट्रोलचेही पैसे सुटत नाहीत.
हिशेब बरोबर आहे. मी स्वतः पडताळून पाहिला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी
इगाराशींकडे चहा आला नाही.
अडतीस वर्षांत पहिल्यांदा.
पाकीट मात्र तयार होतं. कोऱ्या नोटा, दोन्ही हातांनी पुढे केलेल्या,
आणि "आज जरा घाई आहे."
मी उठलो. होसोया बसून राहिले.
आत येता येता त्यांनी मोटरवर तळवा टेकवला होता,
ती गार होती.
मी फक्त रिकामा कप-बशांचा ट्रे पाहिला होता.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग होसोयांनी टोपलीतला एक चमचा उचलला,
खिडकीच्या उजेडात धरला, थोडा तिरका केला.
"ही तुझ्या हातची चकाकी नाही."
इगाराशींनी काळवंडलेल्या बोटांनी डोळा चोळला.
"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. माल परत आलाय.
सहाशे नग."
आणि मग, कुणी विचारलं नसताना,
"पोराला कळवलेलं नाही."

ऑपरेशनचं विमा बघेल. मधल्या चार महिन्यांचं काय?
अर्ज मी भरला. सगळे रकाने भरले, एक सोडून.
तारण.
घर आधीच गहाण. यंत्रं त्यांच्याच वयाची.
"लिही," होसोया म्हणाले,
"चहा नव्हता, पण पाकीट तयार होतं."
असं कसं लिहू, मी विचारलं.
"मराल का लिहिलंस तर?"

अर्ज दोनदा परत आला.
तिसऱ्यांदा मंजूर झाला, निम्म्या रकमेला.
उरलेल्या निम्म्यासाठी होसोया
निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी
इगाराशींच्या पत्र्याच्या पुरवठादाराकडे जाऊन बसले.
काय बोलले ठाऊक नाही. तिथं चहा तीनदा झाला म्हणे.

आता जून. मी एकटाच येतो.
वळचणीला पाकोळ्यांनी विटकरी चिखलाचं घरटं बांधलंय,
आणि खाली इगाराशींनी पुठ्ठा अंथरलाय.
आत चाक फिरतंय.
मी उभा. खांद्यावर बॅग, बॅगेत शिक्का.
आवाज थांबला.
दार वाजवायला हात वर केला,
तोच आवाज पुन्हा सुरू.
हात खाली घेतला.