काचेची मागची बाजू

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या या टेकडीवर
माझं काम पुसण्याचं.
नऊ ते पाच, ताशी बावीस डॉलर,
सुती हातमोजे, एक ब्लेड,
पाण्यात मिसळलेलं अल्कोहोल.

लिफाफ्यातून काच निघते
शंभर वर्षांचा गारठा घेऊन.
तिच्यात आकाश उलटं:
रात्र फिकट, दुधाळ,
आणि तारे काळे,
कुणाच्या हातून मोहरी सांडावी तसे.

पुढच्या बाजूला आकाश. त्याला हात लावायचा नाही.
मागच्या बाजूला शाई.
कुणी बायका भिंगावर वाकून
वर्षानुवर्षं घालत गेल्या आकडे, बाण, गोल:
इथे दीर्घिका, हा तारा मंदावतोय,
इथे पुन्हा बघायचं.
आकाश आणि बाई यांच्यामध्ये
एका नाण्याच्या जाडीची काच.

यंत्राला फक्त आकाश हवं आहे.
म्हणून आधी शाईचा फोटो, मग शाई साफ.
डेल्फिना मेदेइरॉसनं पहिल्याच दिवशी बजावलं:
ब्लेड आडवं धर, जोर लावू नकोस,
आणि वाचत बसू नकोस.

मी वाचत बसते.

मिरजेच्या शाळेत थुंकीनं पाटी पुसली
तर आवटीबाई पट्टी उगारायच्या, विद्या रुसेल म्हणायच्या.
मग ओला बोळा. मग पाटी हवेत हलवत वाळवायची.
तरी जुनं गणित पुसट दिसत राहायचं
नव्या गणिताच्या खाली,
आणि हातचा एक कुठल्या बेरजेचा, कळायचं नाही.
इथे तसं काही उरत नाही.
अल्कोहोल उडून जातं. काच लख्ख.

एकीची फक्त आद्याक्षरं ठाऊक आहेत: एम. टी.
साताच्या पोटात ती आडवी रेघ मारायची.
एकोणीसशे अकराच्या फेब्रुवारीत कडेला लिहिलंय,
शेगडी विझली, बोटं ऐकत नाहीत.
आणि त्याच काचेवर, मृगाच्या पायाखाली,
एक बाण.
बाणाच्या टोकाशी काहीही नाही.
पुढे प्रश्नचिन्ह.

मी भिंग लावलं. काहीही नाही.
डॉक्टर हॅलोरनना दाखवलं.
ते म्हणाले, तेव्हाची धूळ असेल.
असेलही.
पण त्या धुळीसाठी
न ऐकणाऱ्या बोटांनी तिनं टाक दौतीत बुडवला होता.

मी बाण खरवडला.
प्रश्नचिन्हाची आकडी खरवडली.
खालचं टिंब राहिलं.
राहू दिलं, असं म्हणा.

यंत्रानं काच गिळली, नव्वद सेकंदांत मोजून दिली:
तारे एकेचाळीस हजार दोनशे सात.
त्यांत एक नवव्या प्रतीचा,
विषुवांश अमुक, क्रांती तमुक,
आधीच्या कुठल्या यादीत नाही,
नंतरच्याही नाही.

तीन दिवस तो होता.
टक्सनच्या एका विद्यार्थ्यानं घाईघाईत विचारलं,
हा नवतारा तर नव्हे?
त्यानं आलेखही काढला होता,
एकाच ठिपक्याचा.

शुक्रवारी डेल्फिनानं काच परत मागवली,
उजेडाकडे धरली,
मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.
तिनं इथे सव्वीस वर्षं पुसलं आहे.
बोलली काहीच नाही. बोळा पुढे केला.

पुसलं.
एकेचाळीस हजार दोनशे सहा.

संध्याकाळी बसथांब्यावर वर बघितलं तर
ढग, नुसते ढग,
आणि लोगन विमानतळाकडे उतरणारे दिवे.
खिशात विसरलेला हातमोजा सापडला.
तर्जनीच्या टोकाला निळसर काळा डाग,
राईएवढा.

धुवायला टाकायचा आहे.
टाकते.