इतिवृत्त, पान सत्तेचाळीस

ज्याचं त्याचं म्हणणं तीन मिनिटांत बसवायचं
आणि मी ते टिपायचं, विरामचिन्हांसकट.
बावीस वर्षं हेच करते आहे मी
तळ्याकाठच्या या शहराच्या नगरसभेत,
पण खुर्च्या कमी पडल्या त्या आजच.
बाहेर बर्फ. आत ओल्या लोकरीचा वास
आणि पार जिन्यापर्यंत निळ्या टोप्यांची रांग.

पहिला मालकांचा वकील. बूट कोरडे.
(हे लिहिलं नाही. पाहिलं.)
म्हणाला, स्थलांतर हा केवळ एक पर्याय आहे.
'केवळ' त्यानं चार वेळा वापरलं.
नव्या छताला साठ कोटी डॉलर, निम्मे शहरानं द्यावेत,
नाहीतर दक्षिणेला वाळवंटातलं एक शहर
काचेचं स्टेडियम बांधून वाट पाहतंय,
जिथं जानेवारीतही कुणाचे कान गारठत नाहीत.
मागून कुणीतरी ओरडलं,
वाळवंटात डॉकर्स? जहाजं कुठं लावणार?
मी लिहिलं: हशा.

ओडेसा प्रूइट, वय एक्क्याऐंशी.
रांग एकतीस, खुर्ची नऊ.
दहा नंबर नवऱ्याचा. तो गेल्यावरही
ती तिकिटं दोन काढते,
दहावर थर्मास ठेवते.
तिला एवढंच विचारायचं होतं
की तिकडे दहा नंबर कुणाला देणार.
वकिलानं टिपून घेतलं. खरंच टिपून घेतलं,
जणू ऑफिसात जाऊन सोडवता येईल.

मग एक शाळामास्तर, कोवळा, कागद हातात थरथरत:
माझ्या वर्गात मुलं कोट घालून गणितं करतात.
बॉयलर बंद पडून तिसरा हिवाळा.
जाऊ द्या त्यांना. गुंडाळू द्या गाशा.
एकच गिल्ला झाला. कुणी हातमोजा भिरकावला.
मी लिहिलं: व्यत्यय.
माझी नात त्याच शाळेत आहे.
तेही लिहायचं नसतं.

सगळ्यात शेवटी, साडेदहाला, विटोल्ड झारेंबा.
स्टेडियमचा प्लंबर, एकोणतीस वर्षं.
खिशातून घडी काढली, उलगडली नाही.
म्हणाला, उत्तर स्टँडखाली,
बायकांच्या तिसऱ्या शौचालयामागं
एक व्हॉल्व्ह आहे. नकाशात नाही.
तो उलटा फिरतो.
ज्यांनी बसवला ते वारले,
ज्यांना मी दाखवला त्यांना कामावरून काढलं.
तर उद्या जो कुणी येईल,
पाडायला येवो की डागडुजीला,
त्याला म्हणावं आधी तो बंद कर.
नाहीतर खालच्या गल्ल्यांतली तळघरं भरतील
आणि तिथं अजून माणसं राहतात.
आणि जोर नाही लावायचा.
लोणच्याच्या जुन्या बरणीचं झाकण काढतो ना,
दोन्ही हातांनी, तिच्याशी बोलत बोलत, तसं.

अध्यक्षांनी चष्मा वर केला.
मिस्टर झारेंबा, अर्जावर खूण नाही तुमची.
समर्थनात, की विरोधात?

व्हॉल्व्हबद्दल, तो म्हणाला.

चाळीस सेकंद उरली होती.
ती तशीच ठेवून तो खाली बसला.
कुणी हसलं नाही.

मतदान मार्चवर ढकललं.

रविवारी आम्ही हरलो, सतरा-तीन,
तिरप्या, बोचऱ्या बर्फात.
मध्यंतराला मी उत्तर स्टँडखाली रांगेत होते,
मागंपुढं चाळीसेक बायका,
कुणी नाक पुसतेय, कुणी क्वार्टरबॅकला शिव्या घालतेय.
आणि भिंतीतून पाइप कण्हला,
लांबून, सावकाश, नेहमीसारखा.
इतकी वर्षं कुणी लक्षही दिलं नसेल.
एकेक आवाज बंद होत गेला.
कोपऱ्यातल्या बाईनं हातमोजा काढून
भिंतीला तळवा टेकवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला टेकवतात तसा,
आणि आम्ही सगळ्या तिच्याकडं बघत राहिलो,
ती काय सांगते म्हणून.

मग पुढचं दार उघडलं.
रांग एक पाऊल सरकली.