सोडण्याचा शब्द

टपाल खात्याने मला एक यादी दिली आहे,
काही घरांपुढे लाल ठिपका असलेली.
अलापाहा नदीच्या वळणावर होइट स्ट्रिकलंडचं घर:
ठिपका. बुलडॉग. गाडीतून उतरू नये.
विमा कंपनीचंही तेच म्हणणं, शाळेच्या बसचंही.

अकरा वर्षं मी उतरत आले.

तो पायरीवर पसरलेला असायचा, पांढरा,
एका डोळ्याभोवती तपकिरी कडं,
कुणी कॉफीचा मग ठेवून उचलल्यासारखं.
नाव डीकन. आणि चेहराही
रविवारी दानाची थाळी फिरवणाऱ्या माणसाचा:
गालफडं लोंबती, नजर आधीच क्षमा करून बसलेली.
आभाळ गडगडलं की हा चाळीस किलोंचा धोका
न्हाणीघरातल्या टबात जाऊन लपे.

नदीचं मूळ विचारू नये, ऋषीचं कूळ विचारू नये,
आणि होइटला त्याच्या कुत्र्याचं.
विचारलंत तर दुपार जाते.

उकडलेल्या शेंगा सोलत तो सांगायचा:
इंग्लंडातले खाटीक. चौकात बैल बांधायचा,
कुत्रा सोडायचा थेट नाकपुडीवर.
पिसाळलेल्या जनावराचं मांस मऊ होतं हा समज,
आणि गावाला फुकटचा तमाशा.
मग कायदा आला. तमाशा उठला, कुत्रे उरले.
तिकडे राहिले त्यांना हौशी लोकांनी मांडीवर घेतलं,
नाक इतकं आखूड केलं की श्वासही उधारीवर.
आमचे जहाजातून आले,
ज्यांची वंशावळ कुणी लिहिली नव्हती अशा माणसांबरोबर,
त्यांच्यासारखेच.
दलदलीत रानडुकरं माजली
तेव्हा कुणी कागद मागितले नाहीत.

"कान धरायचा. फाडायचा नाही," होइट म्हणायचा.
"चावणं कुणालाही येतं, पोरी.
धरून थांबणं याला येतं."

जूनमध्ये रुग्णवाहिका होइटला घेऊन गेली.
शेजारची बाई दोन वेळा खाऊ घालून जाई.
तिसऱ्या दिवशी, मंगळवार होता,
डीकनने माझ्या थैलीचा पट्टा धरला.

गुरगुर नाही. शेपूट हलत होतं.
डोळे माझ्यावर नव्हतेच, बंद दारावर होते.

सोड, म्हटलं. ठेव. पुरे. जा.
बिस्कीट दाखवलं, त्याने ते नम्रपणे पाहिलं.
थैलीत विजेची बिलं, बियाण्यांचा कॅटलॉग,
कुणाच्यातरी लग्नाचं आमंत्रण.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात.
हा चावत नव्हता, पळतही नव्हता.
खिशात खात्याने दिलेला मिरचीचा फवारा.
खोटं कशाला बोलू, हात गेला तिकडे.
मग परत आला.

तासभर बसलो आम्ही पायरीवर, मधे पट्टा.

शेवटी वॉल्डोस्टाला होइटच्या मुलीला फोन लावला.
विनोना हसली, आणि ते हसू तिच्या घशात कुठेतरी अडकलं.
"आमेन म्हण," ती म्हणाली.
"डुकराचे पाय बांधून झाले की बाबा तेच म्हणतात."

म्हटलं.
पट्टा मोकळा झाला, लाळेने जड.

जुलैत, चर्चच्या खिडक्या उघड्या, हातोहाती पुठ्ठ्याचे पंखे.
मी उशिरा पोचले, गणवेशातच,
म्हणून बाहेर उभी राहिले, पिकअपच्या सावलीत,
जिथे त्याला बांधलं होतं.
पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली.
एक गांधीलमाशी त्याच्या कानाभोवती फिरली, त्याने फिरू दिलं.
मग आतून, साठ गळ्यांतून एकदम:
आमेन.

डीकन उठला. तोंड उघडलं,
सावकाश, पूर्ण, शिकवलं होतं तसं.

आत काहीच नव्हतं.

जरा वेळ तो तसाच उभा राहिला,
मग मान खाली घालून
पुढच्या दोन पायांमधली माती पाहू लागला,
काय पडलं ते.