पंचवीस

महाप्याच्या गाळा नंबर एकशे आठमध्ये
माझा संगणक रात्री असा प्रोग्राम बांधत बसतो
जो त्याला स्वतःला चालवता येत नाही.
चुकून चालवायला दिलाच, तर तोंड फिरवतो:
ही माझी बोली नाही.

ज्या पेटीसाठी हे चाललंय ती बेलापूरला,
धारण तलावाच्या झडपेपाशी,
खांबाला दोन क्लॅम्पांनी आवळलेली.
बत्तीस एमबीचा जीव.
तुझा प्रोग्राम तूच रच असं तिला सांगणं म्हणजे
खाटेवरच्या पेशंटच्या हातात
टाक्यांसाठी सुईदोरा देणं.
म्हणून मीच मापं घेऊन येते:
प्रोसेसर कुठला, कर्नल किती जुनं,
अपूर्णांकांची गणितं झेपतात का.
झेपत नाहीत.

पहिल्या खेपेला पेटी म्हणाली, अशी फाइल नाही.
फाइल समोर होती.
नाव, आकार, तारीख, चालवायची परवानगी.
चार वेळा यादी काढली, चारही वेळा होती,
आणि चारही वेळा पेटी म्हणाली, नाही.
दुपारचे दोन. मांडीवर लॅपटॉप भाजत होता.
फार उशिरा कळलं, ती फाइलबद्दल बोलतच नव्हती.
फाइलला हात धरून आत घेणारा जो लागतो
तो तिच्या घरी नव्हता,
आणि नकार मात्र पाहुण्याच्या नावाने आला.

परत महापे.
या वेळी सगळं गाठोड्यातच बांधलं, मीठमिरचीसकट,
तिथे उसनं मागायला नको.
वजन वाढलं. मग आतली नावं खरवडून काढली.
हौसेने ठेवलेलं एक ‘भरती_आली_का’ होतं,
तेही गेलं.

दुसऱ्या खेपेला चाललं.
चाललं, आणि म्हणालं: पाणी चौसष्ट मीटर.

झडप सांभाळतात ते दिवाळ्याचे पदाजी तांडेल.
त्यांनी पट्टी पाहिली, पंचवीस सेंटिमीटर.
मग मान वर करून टेकडीकडे पाहिलं.
“म्हंजे किल्ला पन बुरला?”

सहा हजार चारशे.
पंचवीसला दोनशे छप्पन्नने गुणलं की येतात.
आकडा खरा होता, वाचायची बाजू उलटी.
सेन्सर लहान टोकाकडून बोलतो,
माझा संगणकही तसाच ऐकतो,
म्हणून गाळ्यात सगळं बरोबर निघालं होतं.
ही पेटी मोठ्या टोकाकडून वाचणारी.
मी स्वतःशी म्हटलं, पंचवीस,
आणि मध्येच अडकले.
पाच आधी. वीस नंतर.
दुसरीत बाई पंचवीस सांगायच्या
आणि मी पाटीवर बावन्न लिहायचे;
जसं ऐकलं तसं लिहिलं, म्हणून कान पिरगाळला गेला.
तीस वर्षांनी तीच चूक,
या वेळी पगारी.

दोन ओळी बदलल्या. मांडीवरच पुन्हा बांधणी.
पदाजी तंबाखू मळत म्हणाले,
आज अष्टमी, भांगाचं पानी, जास्त नाय येनार.
त्यांना यातलं काहीच लागत नव्हतं.

पेटीवर पंचवीस उमटले.
त्यांनी वही काढली, तारीख टाकली,
तोंडाने पंचवीस म्हणत
आधी दोन लिहिला, मग पाच,
एकदाही न अडखळता.

झडपेखालून थोडं झिरपत असावं.
वही मिटेपर्यंत पेटीवर सव्वीस झाले होते.